म्हशीची पाठ

धोंडू वरकाचा फोन दहाच्या सुमाराला आला,
बँकेत पासबुकांची रांग होती.
"म्हशीची पाठ बुडली," एवढंच म्हणाला
आणि रेंज गेली.

म्हैस म्हणजे व्हाळातला काळा खडक,
चरावण्याच्या वर, जिथे धोंडूच्या खऱ्या म्हशी पाण्यावर उतरतात.
पाठ कोरडी असेल तर होडीचं पोट खरवडतं.
पाठ बुडली की व्हाळ वल्ह्याला लागतो.
आणि शिंगंही दिसेनाशी झाली
तर घरी जायचं, पेज जेवायची, गप्प झोपायचं.
पाठ आणि शिंगं यांच्यामध्ये तास असतात फार तर तीन.
मार्चमध्ये हाच व्हाळ
आपण चपला न काढता ओलांडतो.

मॅनेजरला दाढदुखी सांगितली.
(या पावसाळ्यातली चौथी दाढ.)

उसगावहून सावियो आला, टायरच्या कारखान्यातली रात्रपाळी
अजून डोळ्यांत लाल.
पिकअपवर दोन कयाक,
पिवळी माझी, नाकावर वितळवून लावलेलं ठिगळ.
बोललो नाही फारसं. पट्टे ओढले, हेल्मेट ठोकून पाहिलं,
आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात
कुणीतरी मागून ढकलावं तशा सुटलो.

पहिली पायरी गुडघाभर.
दुसरी वाकडी, डावीकडे फणसाची मुळं,
तिथे वल्हं उजवीकडेच मारायचं, हात म्हणेल डावीकडे,
हाताचं ऐकायचं नाही.
मग एक कोंड, गोल, हिरवा,
ज्यात श्वास सापडतो
आणि पुढचा आवाज ऐकू येतो.

तिसरीला नाव नाही. धोंडू तिला "ती" म्हणतो.
उंची दोन पुरुष, पण भीती उंचीची नाही.
खाली पडलेलं पाणी पुढे जात नाही,
वळून परत पायरीच्याच पायाशी येतं,
घरातून निघालेलं माणूस किल्ली विसरल्यासारखं,
पुन्हा निघतं, पुन्हा विसरतं.
गेल्या साली एक नारळ
दोन दिवस तिथेच गरगरत होता.

सावियो गेला.
ओठावर वल्हं खोवलं, गुडघे वर ओढले,
होडी हवेत एक क्षण रिकामी वाटली
आणि तव्यावर भाकरी थापटावी तशी
सपाट पडली, फेसाच्या पलीकडे.
"यो गो!" खालून ओरडला. हात हलवला.

मी होडी खांद्यावर घेतली.

काठाने उतरताना पाय घसरत होते,
पोटरीवर दोन जळवा, तिसरी शोधत होती.
होडी झाडांत अडकायची, मी तिला शिव्या द्यायचे,
म्हणजे मलाच.
दम खायला थांबले, ओल्या कातळाला टेकून,
आणि नाकासमोर काहीतरी चमकलं.
मासा. बोटाएवढा.
मग दुसरा. चढणीचे.
कातळाच्या भिंतीवर जिथे पाण्याचा पदर पातळ होता
तिथून उड्या मारत, चिकटत, गळत,
परत चिकटत वर निघालेले.
कितीतरी वेळ पाहिलं. मोजता येईनात.
मधल्या धारेतून
एकही नव्हता.

चौथीला मी उलटी झाले.
सांगण्यासारखं काही नाही त्यात:
डोक्यावर तळ, कानात दगडांची बोलाचाली,
कंबरेचा एक झटका, आणि परत आभाळ,
तोंडभर सत्तरीची माती.
सावियो हसला नाही, म्हणजे उशीर झाला असावा.

म्हादईला मिळालो तेव्हा पाऊस थांबला होता.
पाण्याला घाई नव्हती तिथे.
धोंडूचा मेसेज, नुसता आकडा नाही, अक्षर नाही,
चिखलाने माखलेल्या खडकाचा फोटो.
पाठ वर आली होती, अर्धी वाळलेली,
तिच्यावर एक बगळा.

सोमवारी मॅनेजरने विचारलं, कुठली दाढ?
मी जीभ फिरवून पाहिली.
मागे, उजवीकडे,
वाळूचा एक कण होता अजून.
"ही," म्हटलं.